घोडा, राजा आणि भांडखोर शेजारी : दोन आकड्यांचं सुडोकू सोडवताना

पेपरात येणाऱ्या सुडोकूत पंचवीस-तीस आकडे आधीच भरलेले असतात. ते बघत बघत आपण पुढे सरकतो. आता ८१ घरांचा पट आहे आणि त्यात फक्त दोन आकडे आहेत, एक १ आणि एक २, बाकी सगळं रिकामं, असं समजा. साध्या सुडोकूत हे चालणारच नाही. उत्तर एकच यावं यासाठी किमान १७ आकडे द्यावे लागतात, हे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकाला राबवून दाखवून दिलं. मग दोनावर कसं भागतं? उरलेल्या आकड्यांचं काम नियम करतात.

हे कोडं मिचेल ली यांनी रचलं. मे २०२० मध्ये ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या ब्रिटिश यूट्यूब वाहिनीवर सायमन अँथनी यांनी ते कॅमेऱ्यासमोर सोडवलं, आणि ‘मिरॅकल सुडोकू’ या नावाने ते जगभर फिरलं. सुरुवातीला खुद्द अँथनींनाही ही कुणीतरी केलेली थट्टा वाटली होती. पुढे काय झालं ते व्हिडिओत आहे, पण आधी तो पाहू नका. लॉकडाऊनच्या दिवसांत लाखो लोकांनी दुसऱ्याला कोडं सोडवताना पाहिलं, त्यात मजा आहेच. स्वतः सोडवण्याची मजा मात्र एकदाच मिळते.

नवख्या माणसाने वेगळ्या नियमांच्या सुडोकूची सुरुवात याच कोड्यापासून करावी, असं माझं मत आहे. बरेच जण ‘किलर’ सुचवतात. त्यात तुटक रेषांचे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याची बेरीज दिलेली असते. कोडं छान असतं, पण दोन घरांची बेरीज ३ म्हणजे १ आणि २, १७ म्हणजे ८ आणि ९, पूर्ण ओळीची बेरीज ४५, असले पाढे आधी तोंडी लागतात. इथे बेरीज-वजाबाकी काहीच नाही. बुद्धिबळातला घोडा कसा चालतो एवढं माहीत असलं की पुरे.

कागद, पेन्सिल आणि पत्ते

चौकटीच्या वहीचं पान घ्या आणि नऊ बाय नऊचा मोठा पट आखा. घर निदान दीड सेंटीमीटरचं हवं, कारण त्यात बारीक अक्षरांत शक्यता लिहायच्या आहेत. तीन बाय तीनचे चौकोन जाड रेषेने दाखवा. फोनवर सुडोकूपॅडसारखं अॅप चालेल, पण पहिल्या वेळी कागदच बरा. घोड्याची घरं हाताने खुणावली की ती डोक्यात बसतात.

आडवी ती ओळ, उभा तो स्तंभ. घराचा पत्ता असा लिहू : (५,३) म्हणजे पाचवी ओळ, तिसरा स्तंभ. ओळी वरून खाली मोजायच्या, स्तंभ डावीकडून उजवीकडे. चौकोनही पान वाचल्यासारखे मोजू. वरचे तीन पहिला, दुसरा, तिसरा. मधले चौथा, पाचवा, सहावा. खालचे सातवा, आठवा, नववा.

आता दिलेले दोन आकडे भरा : (५,३) मध्ये १ आणि (६,७) मध्ये २.

नियम, आणि नियमात नसलेल्या गोष्टी

पहिला नियम नेहमीचा. प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि चौकोनात १ ते ९ एकेकदाच.

दुसरा घोड्याचा. एखाद्या घरातून घोडा अडीच घरं चालून जिथे पोचेल, तिथे तोच आकडा नको.

तिसरा राजाचा. राजा कुठल्याही दिशेला एक घर सरकतो. सरळ दिशांची काळजी ओळ आणि स्तंभ आधीच घेतात, त्यामुळे खरं काम तिरक्या चार घरांचं. कोपऱ्याला कोपरा लागलेल्या घरांत तोच आकडा नको, एवढंच.

चौथा शेजाऱ्यांचा, आणि सगळी मेख इथेच आहे. ज्या दोन घरांची बाजू सामाईक आहे, त्यांत लागोपाठचे आकडे नकोत. ४ च्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ३ किंवा ५ चालणार नाही. १ ला मात्र शत्रू एकच, २. ९ ला एकच, ८. शेजारी १ आणि ९ खुशाल नांदू शकतात.

नवखे इथेच फसतात, म्हणून थोडं थांबू. घोडा, राजा आणि शेजारी चौकोनाची जाड रेष ओळखत नाहीत. (४,४) मधला राजा चौथ्या चौकोनातल्या (५,३) वरही डोळा ठेवून असतो. दुसरं, शेजाऱ्यांचा नियम तिरक्या घरांना लागू नाही. १ आणि २ कोपऱ्याला कोपरा लावून बसू शकतात, आणि या कोड्यात तसे बसतातही. तिसरं, पटाच्या दोन मोठ्या कर्णांवर एकही आकडा पुन्हा यायला नको असा एक प्रकार असतो. तो नियम इथे दिलेला नाही, म्हणून तो नाही. जे लिहिलेलं नाही ते गृहीत धरायचं नाही. वेगळ्या सुडोकूत अर्ध्याहून जास्त चुका मनाने घातलेल्या नियमामुळे होतात, असं मी माझ्याच खोडरबराकडे पाहून सांगतो.

एका आकड्याची पोच किती

काही भरण्याआधी (५,३) मधला १ कुणाकुणाला अडवतो ते बघा. पेन्सिलीने बारीक फुल्या मारा.

साध्या सुडोकूत ओळ, स्तंभ आणि चौकोन मिळून २० घरं बंद होतात. इथे राजामुळे (४,४) आणि (६,४) वाढली. घोड्यामुळे (३,२), (३,४), (७,२), (७,४), (४,५) आणि (६,५). घोड्याची आणखी दोन घरं, (४,१) आणि (६,१), चौकोनातच आहेत, ती आधीच मोजली गेली. म्हणजे २८ घरं १ साठी बंद. शिवाय (५,३) ला बाजूने लागलेल्या चार घरांत २ यायचा नाही. एवढ्याशा एका आकड्याची ही दहशत.

यापुढे आकडा भरला की प्रत्येक वेळी हेच करायचं : ओळ, स्तंभ, चौकोन, मग घोडा, मग तिरका राजा, मग चार शेजारी. क्रम बदलू नका. क्रम मोडला की घोडा हटकून विसरला जातो.

सगळे १ शोधूया

पाचवा चौकोन घ्या. पाचव्या ओळीत १ आहे, म्हणून मधली तीन घरं गेली. (४,४) आणि (६,४) राजाने नेली, (४,५) आणि (६,५) घोड्याने. उरली (४,६) आणि (६,६). आता (६,६) च्या उजवीकडे बघा, (६,७) मध्ये २ बसलाय. २ च्या शेजारी १ चालत नाही. म्हणून (४,६) मध्ये १.

दिलेले दोन्ही आकडे पहिल्याच चालीत कामाला लागले, हे लक्षात आलं ना?

सहावा चौकोन : चौथ्या आणि पाचव्या ओळीत १ आलाच आहे, म्हणजे तो सहाव्या ओळीत. (६,७) भरलेलं, (६,८) त्या २ च्या शेजारचं. म्हणून (६,९) मध्ये १.

आता तिसरी ओळ आडवी वाचा. (३,२) आणि (३,४) पहिल्या १ च्या घोड्याने बंद. (३,३) त्याच्याच स्तंभात. (४,६) मधला १ वर बघतो तेव्हा (३,५) आणि (३,७) तिरक्याने जातात, (३,६) स्तंभाने, (३,८) घोड्याने. (३,९) नवव्या स्तंभात, तिथे १ आहेच. नऊपैकी आठ घरं बंद, म्हणून (३,१) मध्ये १. पेपरातल्या सुडोकूत चौकोन बघायची सवय लागलेली असते. इथे अधूनमधून ओळी आणि स्तंभही असे सरळ चाळावे लागतात.

सातव्या ओळीतही तसंच. (७,१) नुकत्याच बसलेल्या १ च्या स्तंभात. (७,२) आणि (७,४) घोड्याने बंद, (७,३), (७,६) आणि (७,९) स्तंभाने. (६,९) मधल्या १ मुळे (७,७) घोड्याने आणि (७,८) तिरक्याने जातं. राहतं (७,५). तिथे १.

या १ चा घोडा (८,७) वर जातो. नवव्या चौकोनात १ साठी तीनच जागा होत्या, (८,७), (९,७) आणि (९,८). पहिली गेली, म्हणजे तिथला १ नवव्या ओळीत आहे. नक्की कुठे ते कळलं नाही तरी ओळ कळली, आणि तेवढं पुरतं : सातव्या चौकोनात आता नववी ओळ बाद, सातवी आधीच बाद, पहिला आणि तिसरा स्तंभही बाद. (८,२) मध्ये १.

सहा झाले. उरलेल्या तिघांसाठी बारीक अक्षरांत खुणा करून ठेवा : दुसऱ्या चौकोनात (१,४) किंवा (२,४), तिसऱ्यात (१,७), (१,८) किंवा (२,८), नवव्यात (९,७) किंवा (९,८). इथे १ ची गाडी थांबते. अडलं म्हणून अंदाजाने टाकू नका, २ कडे वळा.

२ ची पाळी

२ चा जीव दोन बाजूंनी आवळलेला आहे. त्याचा स्वतःचा घोडा आणि राजा आहेतच, वर प्रत्येक १ च्या शेजारची घरंही त्याला बंद. आधी सहाही १ च्या चारी बाजूंना ‘२ नाही’ अशी खूण करा. पाच मिनिटं जातील, पण नंतर आकडे धडाधड पडतात.

पाचवा चौकोन : सहावी ओळ (६,७) मुळे गेली. (४,५), (५,६) आणि (५,४) ही १ च्या शेजारची. (५,५) ला (६,७) मधला घोडा पोचतो. (४,४) मध्ये २.

चौथा चौकोन : चौथी आणि सहावी ओळ बाद, (५,२) १ च्या शेजारी. (५,१) मध्ये २.

आठवा चौकोन जरा सावकाश. चौथा स्तंभ (४,४) ने नेला. (७,६) आणि (८,५) हे (७,५) मधल्या १ चे शेजारी. (८,६) वर (६,७) चा घोडा. उरलं (९,५) किंवा (९,६). जागा नक्की नाही, पण ओळ नववी. मग सातव्या चौकोनातून नववी ओळ वजा होते. पहिला स्तंभही नाही, (७,२) आणि (८,३) हे (८,२) च्या १ चे शेजारी. (७,३) मध्ये २. ते (८,२) ला कोपऱ्याने टेकतं, दचकू नका, तिरकं चालतं.

नववा चौकोन : सातवी आणि नववी ओळ बाद, सातवा स्तंभ बाद, (८,८) घोड्याने बंद. (८,९) मध्ये २.

पुन्हा तिसरी ओळ. पहिल्या चौकोनात (३,२) हे (३,१) मधल्या १ चं शेजारी, (३,३) सातव्या ओळीतल्या २ च्या स्तंभात. दुसऱ्या चौकोनात (३,४) स्तंभाने गेलं, (३,५) ला (४,४) मधला राजा अडवतो आणि (३,६) ला त्याचाच घोडा. तिसऱ्या चौकोनात सातवा आणि नववा स्तंभ व्यापलेले. राहतं (३,८). तिथे २.

हा २ दोन कामं करून जातो. त्याचा घोडा (२,६) वर पडतो. दुसऱ्या चौकोनात (२,४) स्तंभाने आणि (२,५) हे (४,४) च्या घोड्याने आधीच बंद होतं, म्हणून तिथला २ पहिल्या ओळीत, (१,५) किंवा (१,६). मग पहिल्या चौकोनातला २ दुसऱ्या ओळीत : (२,२). दुसरं काम म्हणजे, (२,८) आता २ च्या डोक्यावर आलं, तिथे १ बसू शकत नाही. तिसऱ्या चौकोनातला १ पहिल्या ओळीत ढकलला गेला, आणि त्यामुळे दुसऱ्या चौकोनातला १ (२,४) मध्ये पक्का.

मघाशी थांबलेली १ ची गाडी २ ने सुरू केली. या जातीची कोडी अशीच सुटतात, दोन आकडे आळीपाळीने एकमेकांना ढकलत.

जोडीत अडकलेला तिढा

आता १ च्या दोन जागा उरल्या : (१,७) आणि (९,८), नाहीतर (१,८) आणि (९,७). २ च्याही दोन : (१,५) आणि (९,६), नाहीतर (१,६) आणि (९,५). वरवर पाहता चार शक्यता. पण (१,६) मध्ये २ आणि (१,७) मध्ये १ शेजारी नांदणार नाहीत, आणि (९,६) मध्ये २ आणि (९,७) मध्ये १ सुद्धा नाहीत. चारातल्या दोन तिथेच मेल्या. उरल्या दोन.

पहिली शक्यता : १ (१,७) आणि (९,८) मध्ये, २ (१,५) आणि (९,६) मध्ये. दुसरी शक्यता : १ (१,८) आणि (९,७) मध्ये, २ (१,६) आणि (९,५) मध्ये. दोन्ही वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने कडेला लिहा. पटात भरू नका.

निकाल ३ देतो. चौथ्या चौकोनात ३ साठी दोनच घरं उरतात, (४,२) आणि (६,२). बाकीची सगळी २ च्या शेजारची, नाहीतर भरलेली. खरं घर (४,२) आहे. (६,२) का नाही हे तुम्ही शोधा. मनातल्या मनात तिथे ३ ठेवा, नवव्या चौकोनात ३ ला कुठलं घर उरतं ते बघा आणि मग वर दुसऱ्या चौकोनाकडे या. याला अंदाज म्हणायचं नाही. एक वाट धरून ती बंद आहे हे दाखवणं आणि डोळे मिटून आकडा टाकणं यात फरक आहे. पण वाट पटावर न लिहिता चालता आली पाहिजे, नाहीतर परत फिरताना काय खोडायचं तेच कळत नाही.

(४,२) चा राजा (३,३) बंद करतो. मग पहिल्या चौकोनातला ३ पहिल्या ओळीत, तिसऱ्या चौकोनातला दुसऱ्या ओळीत, दुसऱ्या चौकोनातला तिसऱ्या ओळीत, (३,५) किंवा (३,६) मध्ये. तिसऱ्या चौकोनात (२,७) घेतलं तर त्याचा घोडा (३,५) ला मारतो आणि राजा (३,६) ला, दोन्ही जागा जातात. म्हणून (२,९) मध्ये ३. सहाव्या चौकोनात चौथी ओळ आणि नववा स्तंभ बाद, (५,८) मध्ये ३. आता दुसऱ्या शक्यतेची परीक्षा घ्या. तिच्यात (९,७) मध्ये १ आहे, म्हणून नवव्या चौकोनातला ३ (८,७) मध्येच जातो. मग आठव्या चौकोनात आठवी ओळ बंद, (७,४) २ च्या शेजारी, (७,६) वर राजा, आणि नवव्या ओळीतली घरं (९,५) मधल्या २ ने आणि त्याच्या शेजाराने अडवलेली. ३ ला जागाच नाही. दुसरी शक्यता बाद, पहिली खरी. सगळे १ आणि २ बसले.

पुढचं तुमच्याकडे

४, ५, ६ कडे याच क्रमाने जा. मधल्या आकड्यांना दोन-दोन शत्रू असतात, त्यामुळे ते भराभर दाबले जातात आणि वेग वाढत जातो. वाटेत एखाद्या घरात एकही आकडा बसेना, तर शेवटच्या पाच-सहा चालींचे घोडे पुन्हा मोजा. चूक बहुतेक वेळा जाड रेषेपलीकडच्या घोड्यात सापडते.

यानंतर आणखी करावंसं वाटलं, तर फक्त घोड्याचा नियम असलेलं सुडोकू शोधा. मग थर्मामीटर, ज्यात फुग्यापासून टोकाकडे आकडे चढत जातात. स्पर्धांची हौस असेल तर लॉजिक मास्टर्स इंडियाच्या ऑनलाइन फेऱ्या आहेत. जागतिक सुडोकू स्पर्धा २००६ मध्ये इटलीतल्या लुक्का इथे सुरू झाली, २०१७ मध्ये ती आपल्या बंगळुरूला झाली. तिथे साध्या सुडोकूबरोबर अशी आडवळणाची कोडीही सोडवावी लागतात.

पट पूर्ण भरल्यावर मधोमधच्या घरात, (५,५) मध्ये, ९ आला पाहिजे. आला असेल तर पहिली ओळ मोठ्याने वाचा, मग दुसरी, मग तिसरी. काहीतरी कानाला ओळखीचं लागेल.